साळिंदराचं दार

धोतऱ्याचं फळ पाहिलंय ना? रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत वाढणाऱ्या झुडपाचं ते गोल, हिरवं, काटेरी फळ! (विषारी असतं बरं का, लांबूनच बघायचं.) आता मनातल्या मनात ते फळ लहान लहान करत न्या. इतकं लहान, की मिलिमीटरभर जागेत तशी पंचवीस फळं ओळीनं मावतील. ‘भिंगाखालचं जग’मधला आजचा आपला पाहुणा साधारण एवढाच आहे. नाव मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी लांब : स्पिनिफेरायटीस रॅमोसस!

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात तयार झालेल्या खडकांमध्ये तो सापडतो. पण हा आहे तरी कोण, हे ठरवायला शास्त्रज्ञांना जवळजवळ सव्वाशे वर्षं लागली. का लागली? कारण सगळे त्याचे काटेच बघत बसले. त्याला एक दारही आहे आणि ते दारच त्याची खरी ओळख सांगतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

नावं तीन, ओळख एकही नाही

गोष्ट सुरू होते जर्मनीत. ख्रिस्तियान एरेनबर्ग हे मोठे सूक्ष्मदर्शक-तज्ज्ञ. चकमकीच्या दगडाच्या पातळ कपच्या ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यांत त्यांना हे काटेरी गोळे दिसले. आपल्या तळ्यात असतं तसं गोड्या पाण्यातलं एक हिरवं शेवाळ आहे, त्यालाही असेच काटे असतात. एरेनबर्गना वाटलं, हे तेच! म्हणून १८३८ मध्ये त्यांनी नाव दिलं झॅन्थिडियम रॅमोसम. रॅमोसम म्हणजे फांद्या फुटलेलं. काट्यांची टोकं फुटलेली होती ना, म्हणून.

मग आले इंग्लंडचे डॉक्टर गिडियन मॅन्टेल. इग्वानोडॉन या डायनोसॉरला नाव देणारे ते हेच. त्यांच्या लक्षात आलं, की हे शेवाळ नव्हे. त्यांनी १८५० मध्ये नवं नाव दिलं स्पिनिफेरायटीस, म्हणजे काटे धारण करणारा. पुढे १९३३ मध्ये ओटो वेट्झेल यांनी आणखी एक नाव काढलं, हिस्ट्रिकोस्फीरा. ग्रीक भाषेत हिस्ट्रिक्स म्हणजे साळिंदर. साळिंदराचा गोळा!

बघा हं, तीनही नावं झाली. दोन तर सरळ काट्यांवरूनच पडली. पण ‘हा कोण?’ या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही.

आधी पोहणारा, मग झोपणारा

आता जरा समुद्रात जाऊ. तिथे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव असतात. या ‘डायनो’चा डायनोसॉरशी काही संबंध नाही हं! डायनोसॉरमधला डायनो म्हणजे भयंकर. हा डायनो म्हणजे गरगर फिरणं. या जीवाला चाबकाच्या दोरीसारखे दोन धागे असतात. एक कमरेच्या खाचेत पट्ट्यासारखा बसतो, दुसरा मागे लोंबतो. त्यांच्या जोरावर हा भोवऱ्यासारखा फिरत पुढे जातो. यांतल्या अनेकांच्या अंगावर चिलखत असतं, लहान लहान पट्ट्या एकमेकींना जोडून बनवलेलं.

काही जाती आयुष्याच्या एका टप्प्यावर पोहणं थांबवतात. चिलखताच्या आत एक मजबूत कोश तयार होतो आणि तो तळाच्या गाळात जाऊन पडतो. बाहेरचं चिलखत कुजून जातं. आतला जीव मात्र बियाण्यासारखा निवांत झोपतो. दिवस बरे आले, की कोशाला एक दार उघडतं, जीव बाहेर पडतो आणि पुन्हा पोहू लागतो. मागे राहतं ते रिकामं घर. त्याची भिंत इतकी चिवट असते, की गाळाचा दगड झाला तरी ती टिकते.

दार सापडलं!

अमेरिकेतले विल्यम एव्हिट यांनी हे साळिंदराचे गोळे पुन्हा नीट पाहिले. काटे वाटेल तसे उगवलेले नव्हते. चिलखताच्या पट्ट्यांचे कोपरे जिथे जुळत असतील, नेमके तिथेच काटे होते! आणि गोळ्यात एक भोक होतं. ते तडकून पडलेलं नव्हतं. त्याचा आकार आणि जागा चिलखताच्या एका ठरावीक पट्टीशी तंतोतंत जुळत होती. कंबरपट्ट्याच्या लगेच वरच्या ओळीतली तिसरी पट्टी! म्हणजे हे होतं जीवाच्या बाहेर पडण्याचं दार आणि तो गोळा होता डायनोफ्लॅजेलेटचा कोश. १९६१ मध्ये एव्हिट यांनी हे मांडलं. ज्या गोळ्यांत अशी काहीच खूण सापडेना, त्यांना ओढूनताणून कुठे बसवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्यासाठी १९६३ मध्ये वेगळा गट केला, ॲक्रिटार्क, म्हणजे ज्यांचं मूळ नक्की ठाऊक नाही ते.

पुढे अमेरिकेतच वुड्स होल इथे डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी समुद्राच्या गाळातले जिवंत कोश आणून वाढवले. स्पिनिफेरायटीससारख्या कोशांतून कोण बाहेर पडलं? गोनिऑलॅक्स नावाचा डायनोफ्लॅजेलेट! शंकाच मिटली.

तुम्ही म्हणाल, मग आता दोन नावं कशाला? कारण खडकातला कोश काही उबवता येत नाही. शिवाय दिसायला सारख्याच गोनिऑलॅक्सचे कोश निरनिराळ्या आकारांचे निघतात. म्हणून पोहणाऱ्याचं नाव वेगळं आणि कोशाचं वेगळं, अशी पद्धत आहे. आणि कोशाच्या नावांत मॅन्टेल यांचं नाव वेट्झेल यांच्या आधीचं, म्हणून नियमाप्रमाणे साळिंदर मागे पडलं आणि स्पिनिफेरायटीस टिकलं.

नावं ठेवायची नाहीत, नाव द्यायचं!

समजा, उद्या कुणाला अगदी नवीन कोश सापडला. त्यानं काय करायचं? खडकाचा चुरा आम्लांत विरघळवतात. त्यांतलं एक आम्ल तर काचही खातं, म्हणून प्लॅस्टिकची भांडी वापरतात. दगड विरघळतो, कोश उरतात. मग काचपट्टीवर ठेवून मोजमाप घ्यायचं. आकार कसा? भिंतीचे थर किती? काट्यांची टोकं कशी? कंबरपट्टा दिसतो का? आणि मुख्य म्हणजे दार कुठे आहे, किती पट्ट्यांचं आहे? एकच नाही, अनेक कोश बघायचे, कारण एकाच वर्गातली मुलं तरी कुठे एका उंचीची असतात! शेवटी एक कोश नावाचा धनी म्हणून निवडायचा आणि तो संग्रहालयात जपून ठेवायचा. वर्णन इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये छापायचं आणि सोबत चित्र हवंच. जीवाश्म वनस्पती आणि शैवालं यांच्यासाठी चित्राचा हा नियम १९१२ पासूनचा आहे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? तेलासाठी समुद्रात विहीर खणतात, तेव्हा वर येतो नुसता दगडाचा चुरा. त्यात डायनोसॉरचं अख्खं हाड कुठून येणार? पण कोश मात्र शाबूत येतात. कोणती जाती कोणत्या काळात होती हे ठाऊक असलं, की त्या थराचं वय कळतं. ओळख चुकली, तर वयही चुकणार! आपल्याकडे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत असे जीवाश्म कोश अभ्यासले जातात. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या गाळातले आजचे कोशही तपासले आहेत.

तुम्ही करून बघा

आईकडून हरभरा, चवळी, मटकी, मूग, पावटा आणि राजमा यांचे चार-चार दाणे मागून घ्या. त्यांतल्या एकाचं वर्णन पाच ओळींत लिहा. अट अशी, की नाव आणि रंग लिहायचा नाही. लांबी पट्टीनं मोजा, आकार लिहा, दाण्याचा ‘डोळा’ कुठे आहे ते लिहा. मग कागद मित्राला द्या आणि दाणा ओळखायला सांगा. त्यानं चुकीचा दाणा उचलला, तर त्याला हसू नका. वर्णन पुन्हा लिहा!