मांजरीला वरण-भात वाढणं ही जीवदया नव्हे



आपल्या समाजात अलीकडे एक नवीन कौतुक निघालं आहे. "आमची मांजर शुद्ध शाकाहारी आहे हो! दूध-भात आणि तूप-पोळीशिवाय कशाला तोंड लावत नाही." ऐकणाऱ्या बायका लगेच हात जोडतात. कुणी म्हणतं मागच्या जन्मीचं पुण्य, कुणी म्हणतं घराचे संस्कार. मला हे कौतुक पटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: जैन घरानं मांजर पाळू नये. आणि पाळलीच असेल, तर आपलं व्रत तिच्या वाटीत वाढू नये.

आधी तिच्या शरीराचा हिशेब बघू. मी कॉमर्सची पदवीधर, डॉक्टर नाही; पण जमा-खर्च कळतो. मांजरीला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं. माणसाचं आणि बहुतेक कुत्र्यांचं शरीर ते स्वतः तयार करतं. मांजरीला मात्र ते पुरेसं तयार करता येत नाही. ते मांस-मासळीत असतं, धान्य-डाळीत जवळजवळ नसतंच, आणि दुधात फार थोडं. टॉरिन कमी पडलं की मांजरीच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हे 1975 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवलं की याच कमतरतेनं तिचं हृदयही कमजोर होतं. वेळेत टॉरिन मिळालं तर हृदय सुधारतं. गेलेली दृष्टी परत येत नाही.

एवढ्यावर थांबत नाही. गाजरातून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवतो, मांजरीला ते जमत नाही. तिला ते तयारच लागतं. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरींना दूधही नीट पचत नाही, जुलाब होतात. आणि गोड चव तर तिच्या जिभेला कळतच नाही. म्हणजे "आमची मनी पेढा आवडीनं खाते" यात आवड पेढ्याची नाही, त्यातल्या स्निग्धाची असणार.

अमेरिकेला गेलेल्या मुलांकडे आता फेरेट नावाचा प्राणी असतो, मुंगसासारखा लांबुडका. त्याचं आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य पचायला वेळच मिळत नाही. तिथले जाणते लोक त्याला कच्चं मांस, हाडं आणि काळीज मापून देतात. मापून, कारण नुसत्या मांसात कॅल्शियम कमी पडतं. वाचून अंगावर काटा येतो. पण मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागते: त्यांनी प्राणी आणला तेव्हा त्याचं पोटही आणलं. आपण प्राणी आणतो आणि पोट आपलं लावतो.

आता धर्माकडे येऊ. दशलक्षण पर्वात रोज एक असे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय आपण ऐकतो. सातव्या दिवशी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, पेलणार नाही एवढं ओझं लादणं, आणि पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जीवाचं खाणंपिणं रोखणं. बैल-घोड्यांच्या काळात सांगितलेला हा नियम फ्लॅटमधल्या मांजरीला लागू नाही, असं कुठं म्हटलंय? जिचं अन्न भात नाही तिला जन्मभर भातच वाढणं म्हणजे वाटी भरलेली ठेवून तिला उपाशी ठेवणं. आमच्या ओळखीतल्या एका घरची दूध-भातावर वाढलेली मांजर पाचव्या वर्षी भिंतींवर आपटू लागली. डॉक्टरांनी कारण सांगितलं, तर घरचे म्हणाले, "तिचं कर्म." तिचं कर्म असेल; वाढप तर आपलं होतं ना?

काहीजणी म्हणतील, आमची तर चांगली धष्टपुष्ट आहे. मग बाई, ती रात्री गच्चीवर काय करते ते बघा. पोटभर खाणारी मांजरसुद्धा शिकार करते, अर्धपोटी तर करणारच. उंदीर, पाल, चिमणीची पिल्लं. खतावणीत एक खातं लिहायचं आणि दुसरं लपवायचं, याला आमच्याकडे खोटा ताळेबंद म्हणतात.

मग सिंहाचं उदाहरण येतं. महावीर भगवंतांच्या जीवानं सिंहाच्या भवात मुनींच्या उपदेशानं मांस सोडलं. मग मांजर का नाही? मैत्रिणींनो, ती कथा शेवटपर्यंत आठवा. सिंहाला बोध झाला, व्रत त्यानं स्वतः घेतलं, आणि आहार सोडून समाधिमरण स्वीकारलं. तो दूध-भात खाऊन पंधरा वर्षं जगला नाही! मांस सोडलं की आपला देह टिकणार नाही, हे त्या कथेलाही ठाऊक आहे. तुमच्या मनीला बोध झालेला नाही. तिच्या वतीनं व्रत घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

"बरं, मग मांजरीचं विकतचं खाणं आणू." त्यात कोंबडी-मासळी असते. कृत, कारित, अनुमोदना हे तिन्ही आपण लहानपणापासून शिकतो. ते पाकीट कशात बसतं ते प्रत्येकीनं स्वतःला विचारावं. परदेशात मांसाशिवायचं, कारखान्यात बनवलेलं टॉरिन घातलेलं खाद्यही मिळतं. पण त्यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि त्या खाद्याचा आपल्या वरण-भाताशी काही संबंध नाही. म्हणजे इकडे अन्नपाननिरोध, तिकडे कारित हिंसा. म्हणूनच तर कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरीसारखे हिंस्र प्राणी पाळणं अनर्थदंडात घातलं आहे. मांजर वाईट म्हणून नव्हे. तिला पाळणाऱ्या श्रावकाला सुटकेची वाट उरत नाही म्हणून.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर, लाल मंदिराच्या आवारात आपलं पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. दोन मुसलमान भाऊ तिथं जखमी घार घेऊन गेले, तर मांसाहारी पक्षी म्हणून घेतली नाही. मग त्यांनी स्वतःच घारींवर उपचार सुरू केले. 2022 सालचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. त्या नकाराचं मला वाईट वाटतं. जखमेवर पट्टी बांधायला जात आड यायला नको होती. पण घारीला ठेवून घेऊन डाळ-तांदूळ खाऊ घालण्यापेक्षा तो नकार प्रामाणिक होता, हेही म्हणेन.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. माणसाजवळ राहून त्याला पिठूळ अन्न पचवायची ताकद आली आहे. डॉक्टरांना विचारून नीट आखलेल्या शाकाहारावर तो जगू शकतो. नुसत्या दूध-पोळीवर मात्र नाही. आपल्याकडे कांदा-लसूण नसतं हे त्याच्या पथ्यावर पडतं, कारण ते कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. मनुका आणि चॉकलेट मात्र लांब ठेवा.

मग दारात आलेलं पिल्लू हाकलायचं का? मुळीच नाही. पाणी द्या, ऊब द्या, जखम असेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, आणि तिचं खाणं खुल्या मनानं देणारं घर शोधा. आधीपासून घरात असेल, तर आजच डॉक्टरांना तिचं खरं खाणं सांगा आणि डोळे, हृदय तपासून घ्या. ते जे लिहून देतील ते घालणं जमत नसेल, तर रडत का होईना, तिला दुसऱ्या घरी द्या. आणि नातवंडांच्या हट्टापायी शेचाळीस अंशांच्या नागपुरात झुपकेदार पर्शियन पिल्लू विकत आणू नका.

जीवदया करायचीच तर गाय आहे, पारवे आहेत, उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचं भांडं आहे. या जीवांचं आणि आपलं ताट जुळतं. मांजरीचं जुळत नाही. जे जुळत नाही त्याला दुरून जगू देणं, हीसुद्धा अहिंसाच आहे.

जय जिनेंद्र.