‘थर्टी-टू’ची घाई कशाला?

स्पर्धांचा हंगाम जवळ आला की प्रत्येक प्रशिक्षकाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : “सर, कोणतं कॅलिबर बेस्ट?” विचारणारा बहुधा ज्युनिअर असतो. ‘टू-टू’ (.२२) त्याला पोरखेळ वाटायला लागलेली असते आणि शेजारच्या लेनमधला ‘थर्टी-टू’चा (.३२) दणदणाट खुणावत असतो.

खरं तर आपल्या पिस्तूल नेमबाजीत आवडीनिवडीला फारसा वाव नाही. रॅपिड फायर, स्टँडर्ड पिस्तूल, महिलांची २५ मीटर पिस्तूल या सगळ्या .२२ लाँग रायफलच्या स्पर्धा. निवड उरते ती सेंटर फायरमध्ये. तिथे नियम ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंत मोकळीक देतो. साध्या परवान्याचं म्हणाल तर ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्येच मोडतं.

मोठ्या गोळीचं छिद्र मोठं, म्हणून ती रेषेला शिवून एखादा गुण जास्त मिळवून देईल, हा हिशेब अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. सेंटर फायरमध्ये कोणत्याही कॅलिबरचं छिद्र ९.६५ मिमीच्या गेजनेच तपासतात. मग .३८ वॉडकटरची १४८ ग्रेनची गोळी कशासाठी झेलायची? .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची साधारण १०० ग्रेनची सपाट तोंडाची गोळी कागदाला तेवढंच स्वच्छ भोक पाडते. जगभरचे सेंटर फायर नेमबाज बहुतांशी तिच्याकडे वळले ते यामुळेच.

पण .२२ ची गोळी अवघी ४० ग्रेनची, त्यामुळे तिच्यापेक्षा .३२ चा झटका जास्त, हेही ध्यानात ठेवायला हवं. सेंटर फायरच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर असतं, सात सेकंद फिरलेलं. एका वेळी एकच गोळी झाडायची असते, म्हणजे झटक्यातून सावरायला वेळ भरपूर. नेम बिघडतो तो झटक्याच्या धास्तीने. हात आधीच दचकतो, मनगट खाली झुकतं आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे फटके खाली-डावीकडे जमायला लागतात. ही खोड एकदा लागली की ‘टू-टू’वर परतल्यावरही सुटत नाही. मॅगझिनमध्ये नेमबाजाच्या नकळत एखादं डमी काडतूस मिसळून पाहा. गोळी न उडताही नळी झुकली, तर त्या मुलाला ‘थर्टी-टू’ इतक्यात देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सेंटर फायरचा मान कमी लेखायचा नाही. जसपाल राणांनी १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. पण ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. विजय कुमार यांचं लंडनचं रौप्य ‘टू-टू’चं, आणि आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचं २०१८ चं आशियाई सुवर्णही तिचंच. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून काडतुसांचे पैसे उभे केलेले असतात. ते आधी कुठे खर्चावेत, याचं उत्तर यातून मिळायला हरकत नसावी.

ज्यांचा हात तयार आहे त्यांनी ‘थर्टी-टू’ जरूर घ्यावी. घेतल्यावर काडतुसांचे दोन-तीन लॉट पिस्तूल टेकवून तपासावेत, आणि जो घट्ट ग्रुप देईल त्याचाच साठा करावा. मॅगझिन भरायचीही सवय लागते. या काडतुसाला मागे कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे राहिली, तर पिस्तूल ऐन मालिकेत अडतं.