पुरावा जपला तरच इतिहास राहतो

जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक कोणता, असे विचारले की वर्गातून ठरलेले उत्तर येते : अमेरिकेतील एनिअ‍ॅक, सन १९४६. विद्यार्थ्यांचा यात दोष नाही. अनेक वर्षे जगातील जाणकारांचेही उत्तर हेच होते. एनिअ‍ॅकच्या दोन वर्षे आधी इंग्लंडमध्ये ‘कोलोसस’ नावाचा इलेक्ट्रॉनिक संगणक अहोरात्र काम करीत होता. त्याची माहिती जगाला नव्हती, कारण ती राहू नये अशी व्यवस्था केली गेली होती. स्मरणिका ही आठवणी जपण्यासाठीच असते. म्हणून या विस्मरणाची कथा येथे सांगावीशी वाटते.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे ब्रिटनचे मुख्य केंद्र ब्लेचली पार्क येथील एका हवेलीच्या आवारात होते. तेथील ‘एनिग्मा’ यंत्राची आणि अ‍ॅलन ट्युरिंग यांची कथा चित्रपटांमुळे आता बहुतेकांना ठाऊक आहे. एनिग्माचे कोडे प्रथम १९३२ मध्ये पोलंडच्या तरुण गणितज्ञांनी सोडवले होते, हे मात्र फार थोडे जण सांगतात. जर्मन सर्वोच्च सेनानींचे संदेश तर एनिग्माहूनही गुंतागुंतीच्या, बारा चक्रांच्या ‘लॉरेन्झ’ यंत्रातून जात असत. ३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन कर्मचाऱ्याने सुमारे चार हजार अक्षरांचा एक संदेश, चक्रांची मांडणी न बदलता, किरकोळ फरकाने दोनदा पाठवला. त्या एका चुकीवरून जॉन टिल्टमन यांनी मजकूर उलगडला आणि बिल टट या तरुणाने, कधीही न पाहिलेल्या त्या यंत्राची अंतर्रचना कागदावर सिद्ध केली. टट हे एका माळ्याचे पुत्र होते.

रचना कळली, तरी प्रत्येक संदेशासाठी चक्रांची मांडणी शोधण्याकरिता प्रचंड मोजदाद करावी लागे. ती माणसाच्या हाताने वेळेत होणे अशक्य होते. हे काम करणारे यंत्र घडवले टॉमी फ्लॉवर्स यांनी. लंडनच्या पूर्व भागातील पॉप्लर या कष्टकरी वस्तीत १९०५ साली जन्मलेला हा गवंड्याचा मुलगा. दिवसा कारखान्यात उमेदवारी आणि रात्री विद्यापीठाचे वर्ग, अशा रीतीने तो अभियंता झाला आणि टपाल खात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात टेलिफोन यंत्रणेवर काम करू लागला. सुमारे सोळाशे व्हॉल्व्हचे यंत्र बांधण्याची कल्पना त्यांनी मांडली, तेव्हा अनेकांनी शंका घेतली. जुना रेडिओ वापरलेल्यांना व्हॉल्व्ह किती लवकर जातो हे आठवत असेल. फ्लॉवर्स यांना मात्र अनुभवाने ठाऊक होते की व्हॉल्व्ह वारंवार चालू-बंद केल्यानेच अधिक बिघडतात. सतत चालू ठेवले तर टिकतात. स्वतःचे पैसेही घालून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वर्षाच्या आत यंत्र उभे केले. फेब्रुवारी १९४४ मध्ये कोलोसस कामाला लागला. कागदी फितीवरील पाच हजार अक्षरे तो सेकंदाला वाचत असे. युद्ध संपले तेव्हा असे दहा संगणक चालू होते आणि त्या विभागात २७२ महिला व २७ पुरुष काम करीत होते. हे प्रमाण मी मुद्दाम सांगतो, कारण संगणकाच्या इतिहासातील स्त्रिया सहसा छायाचित्रातच दिसतात, मजकुरात नाही.

पुढचा भाग क्लेशकारक आहे. युद्ध संपताच दहापैकी आठ यंत्रे मोडण्यात आली. उरलेली दोन १९६० च्या सुमारास नाहीशी झाली. फ्लॉवर्स यांना आराखडे नष्ट करण्याचा आदेश मिळाला आणि त्यांनी ते डॉलिस हिलच्या भट्टीत जाळले. सरकारने त्यांना एक हजार पौंड दिले. त्यांनी खर्च केलेली रक्कमही त्यातून भरून निघाली नाही. गोपनीयतेच्या शपथेमुळे स्वतःच्या कर्तृत्वाचा उल्लेखही त्यांना करता येईना. सत्तरच्या दशकात माहिती हळूहळू खुली होऊ लागली, तोवर पाठ्यपुस्तके लिहून झाली होती. युद्धकाळातील गुप्तता मी समजू शकतो. हजारोंचे प्राण तिच्यावर अवलंबून होते. पण गुप्त ठेवणे वेगळे आणि नष्ट करणे वेगळे. कुलपात ठेवलेला कागद पुढच्या पिढीला कधीतरी वाचता येतो. जाळलेला कागद कोणालाच वाचता येत नाही.

१९९१ च्या सुमारास ब्लेचली पार्कच पाडून तेथे घरे बांधण्याचा घाट होता. स्थानिक इतिहासप्रेमींनी जुन्या कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावले, त्यांच्या आठवणी ऐकल्या आणि ती वास्तू वाचवण्याचा निश्चय केला. त्यानंतर टोनी सेल या अभियंत्याने कोलोसस पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले. हाताशी होती १९४५ ची आठ छायाचित्रे, वृद्ध अभियंत्यांच्या आठवणी आणि त्यांच्यापैकी काहींनी नियम मोडून जपलेले काही आराखड्यांचे कागद. टेलिफोन केंद्रांतून काढून टाकलेले जुने सुटे भाग वापरून १९९६ मध्ये यंत्र सुरू झाले. ते पाहायला नव्वदीतले फ्लॉवर्स उपस्थित होते. आज ते तेथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयात चालताना पाहता येते.

आपल्या मुलांना नवे संगणक मिळत नाहीत, तेथे जुन्या यंत्रांचे कौतुक कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे आणि नवे संगणक मिळालेच पाहिजेत. परंतु संगणक हा वरच्या वर्गातील काही बुद्धिमंतांचा वारसा आहे, असा समज घेऊन जर आपली मुले त्यांच्यासमोर बसणार असतील, तर त्यांचे हात बिचकतील. तो गवंड्याच्या मुलाने घडवला, माळ्याच्या मुलाने त्याला वाट दाखवली आणि शेकडो मुलींनी तो चालवला, हे त्यांना कळले पाहिजे. आपल्याकडेही १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ संगणक पूर्ण झाला, १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ सादर केला. त्यांच्या तारा जोडणारे, दुरुस्त्या करणारे हात कोणाचे होते, हे नोंदवून ठेवण्याची वेळ अजून गेलेली नाही.

बौद्ध वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. सम्राट अशोकाचे शिलालेख शतकानुशतके उघड्यावर उभे होते, पण वाचता येत नव्हते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की सांचीच्या स्तूपावरील कितीतरी छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. तो शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्यांनी केला आणि लिपीचे कुलूप उघडले. लॉरेन्झचा भेद करणाऱ्यांनाही पुनरावृत्तीनेच वाट दाखवली होती. सम्राटाचे शब्द आपल्याला वाचता आले ते भिक्षू-भिक्षुणी, गृहिणी, व्यापारी यांच्या छोट्या दानलेखांमुळे. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपल्या कोरीव कामाची नोंद करून ठेवली आहे. दगड टिकला म्हणून त्यांचे श्रेय टिकले.

ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही, अशा समाजातून आपण आलो आहोत. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. वसतिगृहाची जुनी छायाचित्रे, हजेरीपट, देणगीची पावतीपुस्तके, वाढदिवसाला गावाहून आलेली पत्रे जे काही घरी असेल, ते रद्दीत घालू नका. छायाचित्राच्या मागे नावे व साल लिहा. भाकरी थापणाऱ्या मावशींचे आणि रात्री दार राखणाऱ्या काकांचे नाव त्यात प्रथम असू द्या. मग ते सारे शाळेकडे आणून द्या. कोलोसस पुन्हा उभा राहिला तो अशाच कोणीतरी घरी ठेवलेल्या काही कागदांच्या आधाराने.

जय भीम! नमो बुद्धाय!