दाराचं हँडल बाहेरच्या माणसासाठी असतं

शिव्या घालायच्या असतील तर जरूर घाला, पण पूर्ण वाचून घाला.

आपल्याकडे जुन्या पिकअप 'बनवून' घ्यायचं फॅड आलंय. ज्या गाडीनं वीस वर्षं कांदा आणि खताची पोती वाहिली, तिला म्हातारपणी कुणी रंगरंगोटी करून नटवत असेल तर मला आनंदच आहे. भंगारात जाण्यापेक्षा बरं. पण आता नवीन टूम निघालीय ती दाराची हँडलंच काढून टाकायची. दार एकदम सपाट, साबणाच्या वडीसारखं. रिमोट दाबला की खटकन उघडतं, पोरं रील करतात, आपण लाइक करतो. माझा विरोध याला आहे आणि तो सौम्य नाही.

आधी हे काम होतं कसं ते सांगतो, म्हणजे 'याला काय कळतंय' हा प्रश्न मिटेल. बाहेरचं हँडल काढतात, त्या भोकावर पत्र्याचा तुकडा वेल्ड करतात, ग्राइंडर मारतात, वर पुट्टी भरून रंग देतात. आत लॉकला वायर बांधून ती सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर झटका देणाऱ्या चुंबकाला जोडतात. दार बाहेर ढकलायला एक स्प्रिंग. झालं. पूर्वी हाताच्या जोरावर सळी ओढून उघडणारं लॉक आता एक बॅटरी, एक फ्यूज, एक रिले आणि वीस वर्षं जुन्या गाडीच्या अर्थिंगवर अवलंबून. या गाड्यांचं वायरिंग कसं असतं ते आपण सगळे जाणतो. हॉर्न दाबला की वायपर फिरतो. आणि वेल्डच्या मागे आतून प्रायमर मारलेला नसेल तर दोन पावसाळ्यांत पुट्टी फुगून गंज बाहेर येतो, ते वेगळंच.

ही कल्पना आपली नाही, अमेरिकेची आहे. तिकडे १९५०च्या आसपास कॅलिफोर्नियात जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांनी मर्क्युरी गाड्यांचं छत खाली आणलं, चिन्हं आणि हँडलं काढून अंग गुळगुळीत केलं. पुढे शेवरोलेच्या जुन्या पिकअपवरही तेच झालं. सुंदर कामं आहेत, नाकारत नाही. पण त्यातल्या कितीतरी गाड्या प्रदर्शनासाठी बनल्या. रविवारी बाहेर निघायचं, लोकांनी बघायचं, परत शेडमध्ये. आपली पिकअप रात्री दोन वाजता मार्केट यार्डाला निघते, केबिनमध्ये चार माणसं कोंबलेली, ड्रायव्हरला झोप आलेली.

आणि ती उलटली की काय होतं? हायवेवर आधी पोचते ती अँब्युलन्स नव्हे, पोलीसही नव्हे. शेजारच्या शेतात पाणी देणारा शेतकरी, ढाब्यावरचं पोरगं, मागून येणारा टेम्पोवाला. तो धावत येतो आणि अंधारात हात कुठे घालतो? हँडलला. जन्मात ती गाडी न पाहिलेल्या माणसालाही ते कुठे असतं हे ठाऊक असतं. तुम्ही तेच काढून टाकलंत. रिमोट तर बेशुद्ध पडलेल्या ड्रायव्हरच्या खिशात आहे.

'आतलं हँडल आहे की!' असं एका पोरानं मला सुनावलं. अरे बाबा, जुन्या पिकअपचं आतलं हँडल कितींचं चालू असतं? निम्मे ड्रायव्हर काच खाली करून, हात बाहेर घालून बाहेरच्या हँडलनंच दार उघडतात. ही सोयही गेली.

दुसरा युक्तिवाद असा की आता कंपन्याच दारात लपणारी हँडलं देतात. देतात. आणि त्याचं काय होतंय तेही बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनच्या चेंगदू शहरात शाओमीची इलेक्ट्रिक गाडी पेटली. रस्त्यावरची माणसं जिवाच्या आकांतानं दार ओढत होती, काचेवर मारत होती, दार उघडलं नाही, चालक गेला. अमेरिकेतही सप्टेंबर २०२५ मध्ये टेस्लाच्या मॉडेल वायच्या हँडलांची सरकारी चौकशी सुरू झाली. आणि चीननं नियम केला की १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या नव्या मॉडेलना वीज गेली तरी आतून-बाहेरून उघडेल असं हँडल हवंच. ज्या देशानं ही फॅशन सर्वांत जास्त उचलली तोच मागे फिरतोय, आणि आपण वेल्डिंग मशिन घेऊन निघालोय.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदलाला आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलंय. आणि गंमत बघा, याच दुरुस्तीनं अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४अ आणलं. म्हणजे सरकार वाटसरूला सांगतंय, न घाबरता दार उघड. दाराला हँडलच नाही.

आता आरटीओला थेट प्रश्न. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. मग या पिकअप पास कशा होतात? बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो पेपरात येतात. आवाज ऐकू येतो म्हणून पकडता. हँडल नसलेलं दार आवाज करत नाही, एवढाच फरक ना? पुढच्या तपासणीत फक्त इतकं करा: इग्निशन बंद, बॅटरीची वायर काढलेली, आणि निरीक्षकानं बाहेरून दार उघडून दाखवायचं. उघडलं नाही तर फिटनेस नाही. एक मिनिटाचं काम आहे.

गॅरेजवाल्यांशी माझं भांडण नाही, पोट आहे. पण गिऱ्हाईक हटून बसलं तर नाही म्हणा, किंवा मूळचं हँडल रंगवून द्या, मस्त दिसतं. ज्यांनी आधीच करून घेतलंय त्यांनी 'गाडीखाली चोरवायर ठेवलीय' असं सांगू नका, ती फक्त तुम्हाला माहीत आहे. जुन्या बाजारात या मॉडेलांचे दरवाजे हँडलासकट मिळतात. जोडी उचला आणि पावसाळ्याच्या आत बसवून घ्या.