शिष्यवृत्ती मेसच्या तारखेला हवी!

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या, कॅपमधून आलेल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ झाली. छानच! पण मेहकरहून शेगाव-अमरावतीला शिकायला गेलेल्या मुलीला खरा घोर असतो मेस आणि रूमच्या भाड्याचा. अ‍ॅडमिशन ऑगस्टमध्ये, सोयाबीन घरात येणार दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळात बाबा उसनवारी करतात. महाडीबीटीचा निर्वाह भत्ता खात्यात पडेपर्यंत कधी कधी परीक्षासुद्धा होऊन जाते. फॉर्म 'अंडर स्क्रुटिनी' आहे म्हणून मेसवाल्या काकू थोड्याच थांबणार?

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले. ती होती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. (कॉन्व्हेंटमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं, इथल्या लायब्ररीत कळलं.) मला त्यात पौंडांपेक्षा 'महिना' हा शब्द मोठा वाटतो. तेव्हा समुद्रापार राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी महिन्याचा हिशेब धरला जात होता, मग आज आधार-लिंक खात्यात का धरू नये? निर्वाह भत्ता दर महिन्याच्या ५ तारखेला द्या. रक्कम आहे तेवढीच राहिली तरी चालेल.