‘बिघडलेला’ फोटो पुसण्याआधी

दिवाळीनंतर मूल तालुक्यात मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात. आईच्या मांडीवरच्या लेकराचा कुणीतरी फ्लॅश मारून फोटो काढतो. डोळे विचित्र चमकले, की फोटो ‘बिघडला’ म्हणून पुसला जातो. तो आधी नीट बघायला हवा.

फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या पडद्यावरून परततो, म्हणून बाहुली लाल दिसते. पण एकाच डोळ्यात वारंवार पांढरी चमक दिसली, तर मोतीबिंदू, तिरळेपणा किंवा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोगही असू शकतो. तो बहुधा पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. लवकर कळला तर जीव वाचतो, अनेकदा दृष्टीही.

अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलालाच हा आजार झाला. त्यांच्या चमूने ४० मुलांचे सुमारे ५३ हजार घरगुती फोटो अ‍ॅपने तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, डोळ्यांचे आजार असलेल्या २० पैकी १६ मुलांच्या फोटोंत निदानाच्या सरासरी सव्वा वर्ष आधीच ती चमक सापडली.

फोटो म्हणजे निदान नव्हे. कोन बदलला तरी बाहुली पांढरी दिसू शकते. तरीही अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाने पालकांना मोबाइलमधले फोटो दाखवायला सांगावेत. त्याला वेगळा खर्च नाही. फिल्टर लावलेल्या फोटोत ही खूण झाकली जाऊ शकते, सहज टिपलेल्या फोटोत ती राहते. असा फोटो स्टेटसला नको, नेत्रतज्ज्ञाला दाखवा. त्यासाठी चंद्रपूर गाठावं लागलं, तरी धानाची मळणी उरकेपर्यंत थांबू नका.