गोळी लागली की सुटत नाही

‘बीपीची गोळी एकदा लागली, की मरेपर्यंत सुटत नाही,’ हे मला पहिल्याच आठवड्यात नऊ जणांनी ऐकवलं. त्यातले दोघे स्वतः गोळी घेणारे होते.

विम्याच्या तपासणीत आकडा निघाला 164/102. मला होत काहीच नव्हतं. ना डोकं दुखत होतं, ना चक्कर. न दुखणाऱ्या दुखण्यावर माणूस आधी उपचार शोधत नाही, ते दुखणं नाहीच असं सांगणारा कुणीतरी शोधतो. मलाही पुष्कळ भेटले. अनशापोटी लसूण झाला, दुधीचा रस झाला. शेजारच्या नानांनी सर्पगंधा सुचवली. ‘‘आपली मुळी आहे, अपाय नाही!’’

यात नाना निम्मे बरोबर निघाले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये याच मुळीचे रक्तदाबावरचे अनुभव मांडले आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. दाब उतरायचा, पण नाक चोंदायचं, मन खचल्याच्याही तक्रारी येत. पुढे अधिक सोसवणारी औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं. हे सगळं मी नानांना वाचून दाखवलं. नाना म्हणाले, ‘‘म्हणजे लागू पडते ना?’’

शेवटी आमच्या गल्लीतल्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पाच मिनिटं नुसतं बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मी बोलायला लागलो तर म्हणाले, ‘‘बोलायचं नाही, आकडा चढतो.’’ विम्यावाल्यांनी दोन जिने चढून आल्या आल्या शर्टाच्या बाहीवरच पट्टा आवळला होता, तेव्हा माझी आशा पालवली. 158/98. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, रोज एक. कटिंग चहापेक्षा स्वस्त.

तीन आठवड्यांत 128/82. बरा झालो म्हणून मी गोळी बंद केली. महिन्याभरात 166. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘‘छत्रीखाली भिजत नाही, म्हणून छत्री मिटायची का?’’

मिठाचंही सांगितलं : माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर. बायकोने चौघांचं आठवड्याचं 140 ग्रॅम मीठ मोजून वेगळ्या बरणीत काढलं. बरणी गुरुवारीच तळाला गेली. लोणचं, पापड आणि माझा चहाबरोबरचा फरसाण तर हिशेबात धरलेच नव्हते.

आता घरी यंत्र आहे. परवा नाना आले आणि गंमत म्हणून त्यांनी दंड पुढे केला. पट्टा फुगला, सुटला. 176/100.

‘‘तुमचं यंत्र बिघडलंय,’’ नाना म्हणाले.

मी खुर्ची टेबलाजवळ ओढली. ‘‘पाच मिनिटं गप्प बसा, नाना. परत बघू.’’